झोत कुणीकडे वळवायचा?

सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईची जहाजं इंग्लंड गाठू लागली, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं, की पुढची पंधरा-सोळा वर्षं हा कालवा सूर्य मावळला की बंद पडायचा. तळाशी जेमतेम २२ मीटर रुंदीची ती वाट. दोन्ही बाजूंना वाळूचे काठ, त्यांना ना रंग ना उठाव. अंधारात सुकाणू जरासं चुकलं की जहाज वाळूत रुतणार आणि मागची अख्खी रांग खोळंबणार. म्हणून दिवेलागणीला जवळच्या रुंद जागी जहाजाने काठाला दोर बांधायचे आणि उजाडेपर्यंत थांबायचं. सुमारे १६० किलोमीटरच्या त्या वाटेला दीड-दीड दिवस लागत.

यावर उपाय निघाला तो विजेच्या प्रखर दिव्याचा, म्हणजे सर्चलाइटचा. आधी टपालाच्या आणि लढाऊ जहाजांना, आणि मार्च १८८७ पासून असा दिवा लावणाऱ्या सगळ्याच जहाजांना रात्री कालव्यातून जाण्याची मुभा मिळाली. ज्यांच्याकडे स्वतःचा दिवा नसे त्यांना तो पोर्ट सईदला भाड्याने मिळे, चालवणाऱ्या माणसासकट. लाकडी पिंजऱ्यात बसवलेला तो दिवा जहाजाच्या पुढच्या टोकावरून खाली लटकवायचा, म्हणजे झोत पाण्यालगत जातो आणि काठ, बोये, खुणा लांबून दिसतात. दीड दिवसाचा प्रवास एका दिवसाच्या आत आला.

मात्र एक अडचण दूर झाली आणि दुसरी उभी राहिली. समोरून दुसरं जहाज आलं तर? त्याच्याही टोकाला असाच दिवा. दोन्हीकडचे सुकाणूवाले एकमेकांच्या उजेडाने आंधळे, आणि मधे चिंचोळं पाणी. दिवा विझवावा तर काठ दिसेनात, ठेवावा तर समोरच्याचे डोळे जातात.

त्या काळच्या कारागिरांनी काढलेली तोड आजही पाहण्यासारखी आहे. दिव्यामागचा आरसा मधोमध उभा कापून त्याचे दोन अर्धे केले आणि गरज पडेल तेव्हा ते एकमेकांपासून किंचित फिरवता येतील अशी सोय केली. एरवी दोन्ही अर्धे मिळून एकच रुंद झोत पडतो. समोर जहाज दिसलं की खटका ओढायचा. झोत दुभंगतो, एक पट्टा डाव्या काठावर जातो, दुसरा उजव्या काठावर, आणि मधे अंधाराची एक पट्टी उरते. समोरचं जहाज त्या अंधारातून येतं. दोघांनाही आपापले काठ दिसत राहतात आणि डोळे कुणाचेच दिपत नाहीत. सुएझ कालव्याच्या नियमावलीत ही अट टिकून राहिली: पुढे १,८०० मीटरपर्यंत उजेड पडला पाहिजे, आणि झोत झटकन दुभंगून प्रत्येकी पाच अंशांचे दोन पट्टे झाले पाहिजेत, मधली काळी पट्टी कमी-जास्त रुंद करता आली पाहिजे.

सर्चलाइटची सगळी गोष्ट या एका खटक्यात आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. दिव्याची ताकद वाढवण्याचा प्रश्न माणसाने शंभर वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी सोडवला. हा उजेड नेमका कुठे टाकायचा, किती पसरवायचा आणि कुठे मुळीच पडू द्यायचा नाही, यावरच पुढची सारी डोकेफोड झालेली आहे. जहाजांनी या प्रश्नाचं एक उत्तर काढलं, रेल्वेने दुसरंच.

सर्चलाइटच्या पोटात महत्त्वाच्या गोष्टी दोनच असतात. एक अतिशय लहान आणि अतिशय प्रखर उगम, आणि त्याच्यामागे खोलगट आरसा. आरसा पॅराबोलाच्या आकाराचा असेल आणि उजेडाचा उगम त्याच्या बरोबर नाभीवर असेल, तर निघणारे किरण एकमेकांना समांतर धावतात, म्हणजेच झोत पसरत नाही. हे कागदावर. प्रत्यक्षात कुठलाही उगम बिंदूएवढा नसतो. नाभीचं अंतर २५ सेंटिमीटर आणि उगम १ सेंटिमीटर रुंदीचा असेल, तर झोत साधारण सव्वादोन अंशांनी पसरतो, आणि एक किलोमीटरवर त्याची रुंदी ४० मीटर होते. त्याच जागी चार सेंटिमीटरची रॉकेलची ज्योत ठेवली तर तिथेच उजेड १६० मीटर रुंद फाकतो आणि त्यात काही दिसेनासं होतं. म्हणून सर्चलाइटच्या दिव्याला मोठेपणाचं कौतुक नाही. जितका इवलासा तितका चांगला.

एकोणिसाव्या शतकात असा इवलासा आणि प्रखर उगम एकच होता, कार्बनचा आर्क दिवा. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून किंचित दूर करायच्या. मधल्या फटीतून वीज उडी मारते आणि एका कांडीचं टोक साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापून पांढरंशुभ्र होतं. कांड्या जळून झिजत जातात, त्यामुळे त्या सतत पुढे सरकवत राहावं लागतं. हे काम कधी माणूस करी, कधी घड्याळासारखी यंत्रणा. आरशाचा प्रश्न त्याहून कठीण होता, कारण काच अचूक पॅराबोलात घासणं तेव्हा जमत नव्हतं. अल्फोन्स मॅंजिन या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८७६ च्या सुमारास दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गोलाईची काच घेऊन, मागच्या बाजूला चांदीचा मुलामा देऊन ती अडचण टाळली. पुढे न्यूरेंबर्गच्या झिगमुंड शुकर्टच्या कारखान्याने खरोखरीच्या पॅराबोलाचे काचेचे आरसे घासून दाखवले, आणि १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांचा अवाढव्य सर्चलाइट लोकांनी तोंडात बोट घालून पाहिला.

झोत कमी-जास्त करण्याची युक्ती त्या मानाने सोपी. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी अंगठा दाबला की धार लांब जाते, सैल सोडला की पाणी जवळच पसरतं. इथे अंगठ्याऐवजी दिवाच नाभीपासून काही मिलिमीटर पुढे-मागे सरकवतात. झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवण्यासाठी दिव्याचं पिंप दोन खुंट्यांवर तोललेलं असतं आणि खालची बैठक फिरती असते. सुरुवातीला ते हाताने ढकलत, मग दांडे आणि दातेरी चाकं आली, मग विजेच्या मोटारी.

मोटारी आल्या त्या केवळ आळसापोटी नव्हेत. सर्चलाइटच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांत कमी दिसतं. हवेतली वाफ, धूळ, खारे तुषार हे सगळं झोतात उजळून निघतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरला जातो. चार-सहा मीटर बाजूला सरकून पाहिलं तर तोच झोत पुष्कळ कामाचा वाटतो. तेव्हा दिवा एका जागी आणि तो फिरवणारा दुसऱ्या जागी, अशी व्यवस्था लागते. आजच्या जहाजांवर झेनॉनचा किंवा एलईडीचा सर्चलाइट वरच्या डोलकाठीजवळ असतो आणि तो फिरवणारी मूठ खाली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, यामागचं एक कारण हेच.

लढाऊ नौदलांनी झोताला आणखी एक अवयव जोडला, तो झडपेचा. आर्क दिवा पेटवल्यावर स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात शत्रूला तुमची जागा कळते. त्यामुळे दिवा आधीच पेटवून बंद झडपेआड ठेवायचा आणि क्षणात झडप उघडायची. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत, ३१ मेच्या रात्री, जर्मन जहाजांचे दिवे अचानक उघडत आणि त्यांच्या मागोमाग तोफा कडाडत. त्या रात्रीनंतर ब्रिटिशांना शत्रूची ही तयारी आपल्याहून सरस असल्याचं मान्य करावं लागलं.

व्यापारी जहाजांचे कप्तान मात्र सर्चलाइटबद्दल बराच काळ साशंक राहिले, आणि त्यांच्या शंकेत तथ्य होतं. अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा प्रखर झोत पाहिला की ती सगळी कमाई क्षणात जाते. टेहळणीला उभा असलेला खलाशी ताऱ्यांच्या उजेडात क्षितिजावरची काळी आकृती ओळखू शकतो. झोताच्या कडेने पाहणाऱ्याला झोतापलीकडचं काहीच दिसत नाही. शिवाय समुद्रावर दिवे ही भाषा आहे. लाल, हिरवा, पांढरा, कुठला कुठे दिसतो यावरून समोरचं जहाज कुणीकडे चाललं आहे ते कळतं. त्यात कुणी भलताच प्रखर दिवा फिरवू लागलं तर गोंधळच व्हायचा.

मग १४ एप्रिल १९१२ ची रात्र आली. टायटॅनिक सुमारे २२ नॉट वेगाने, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, चाललं होतं. चंद्र नव्हता, समुद्र काचेसारखा सपाट होता, त्यामुळे हिमनगाच्या पायथ्याशी फुटणारी लाटसुद्धा दिसली नाही. टेहळ्यांना तो दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत मिनिटभरही गेलं नाही. जहाजावर सर्चलाइट नव्हता, आणि तेव्हाच्या प्रवासी बोटींवर तो नसणं हीच रीत होती. अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीचे प्रमुख, मिशिगनचे सिनेटर विल्यम ऑल्डन स्मिथ यांनी मे महिन्यात अहवाल मांडला. त्यात जीवरक्षक नौका आणि बिनतारी यंत्रांच्या बरोबरीने एक शिफारस होती: शंभर किंवा अधिक प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक सागरी जहाजावर विजेचे दोन सर्चलाइट असावेत.

सर्चलाइट असता तर टायटॅनिक वाचलं असतं का, यावर दर्यावर्दी मंडळी अजून भांडतात. पण ध्रुवप्रदेशात जाणाऱ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने केलेला ‘पोलर कोड’ १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला, त्यातली एक अट वाचण्यासारखी आहे. चोवीस तास दिवस असलेल्या काळातच जी फिरतात ती जहाजं सोडून बाकी सर्वांवर दोन सर्चलाइट हवेत, निमुळत्या झोताचे, ब्रिजवरून दूरनियंत्रणाने फिरवता येणारे, आणि दोन्ही मिळून चारी दिशांचा पूर्ण फेरा घेणारे. किंवा मग बर्फ डोळ्यांना दिसेल असं दुसरं साधन. आकडा तोच, दोन. सिनेटर स्मिथ यांच्या अहवालात नव्हतं ते यात आलं: फिरवता येणारे आणि ब्रिजवरून फिरवता येणारे. मधे १०५ वर्षं गेली.

बचावकार्याचा दिवा मात्र उलट्या गुणांचा असतो. जहाजांवरच्या बचावनौकेसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा, की तिच्यावरचा सर्चलाइट आडवा-उभा किमान सहा अंश पसरणारा हवा, त्याची प्रखरता २,५०० कँडेला असावी आणि तो सलग तीन तास चालावा. अडीच हजार कँडेला म्हणजे किरकोळच. रेल्वे इंजिनाच्या दिव्याची प्रखरता लाखांत जाते. बचावनौकेला कमी प्रखर दिवा चालतो, याचं कारण उघड आहे. लाटांवर हेलकावणाऱ्या लहान नौकेत सुईसारखा झोत धरला तर तो एकदा आभाळात जातो, एकदा पाण्यात. शिवाय पाण्यातल्या माणसाच्या लाइफ जॅकेटवर परावर्तक पट्ट्या शिवलेल्या असतात, त्या आलेला उजेड आल्या दिशेनेच परत पाठवतात. थोडा उजेड पुरतो, पण तो पसरलेला लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली, तेव्हा नौदलाच्या जहाजांना रात्रीच्या अंधारात, उंच लाटांमध्ये पाण्यातली माणसं शोधावी लागली. पाण्याच्या वर दिसतं ते फक्त डोकं आणि खांद्यावरची ती पट्टी.

आणि समोर इतर जहाजं असतील तर? समुद्रावरच्या टक्करी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, की धोका दाखवायला सर्चलाइटचा झोत त्या दिशेला टाकता येतो, पण दुसऱ्या जहाजाची पंचाईत होणार नाही अशा बेताने. सुएझच्या दुभंगलेल्या झोतात जे होतं तेच शहाणपण इथे एका वाक्यात आलं आहे.

सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीचं नाव आज जहाजांच्या सर्चलाइटसाठी घेतलं जातं. ती कंपनी १८९० च्या दशकात प्रसिद्धीला आली ती मात्र मुलांच्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे. खऱ्या आगगाडीच्या दिव्याची गोष्ट तिच्या आधी साठ-सत्तर वर्षं सुरू झालेली होती, आणि ती एका शेकोटीपासून.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना रेल्वेचे अभियंते होरेशियो ॲलन यांनी १८३० च्या दशकात रात्री गाडी चालवायची ठरवली. इंजिनाच्या पुढे दोन उघडे डबे जोडले. एकावर वाळू पसरून तिच्यावर पाइनच्या राळदार लाकडाचा जाळ केला, दुसऱ्यावर उजेड पुढे ढकलायला पत्र्याचा परावर्तक उभा केला. पुढे आले तेलाचे कंदील, मग रॉकेल. वीज मात्र इंजिनावर सहजी टिकेना. धडधडणाऱ्या इंजिनावर कार्बनच्या कांड्या जागच्या जागी राहत नसत आणि वीज आणायची कुठून हाही प्रश्न होता. लिओनिडास वुली यांनी १८८१ मध्ये इंजिनाच्या विजेच्या दिव्याचं पेटंट घेतलं, पण तो चालता-बोलता झाला तो शतकाच्या शेवटी. जॉर्ज पाइल यांनी १८९७ च्या सुमारास बॉयलरच्याच वाफेवर फिरणारी छोटी टर्बाइन आणि तिला जोडलेलं जनित्र अशी जोडी इंजिनावर बसवली. तिची बारीक किणकिण वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातल्या लोकांच्या कानात अजून असेल.

ब्रिटनमध्ये याच्या नेमकं उलट चाललं होतं. तिथे लोहमार्गांना दुतर्फा कुंपण, रुळावर गुरं-माणसं येण्याचा प्रश्न कमी. त्यामुळे इंजिनाच्या पुढे मिणमिणते कंदील पुरत. ते ड्रायव्हरसाठी नसतच. कंदील वर आहे की खाली, डावीकडे की उजवीकडे, यावरून सिग्नलवाल्याला कळे की येते ती मेल आहे, पॅसेंजर आहे की मालगाडी. कुंपणाविना पसरलेल्या अमेरिकेत रानगवे, गुरं आणि दरडी यांना पुरे पडेल असा दिवा हवा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सरकारने नियम केला, की स्वच्छ हवेत ८०० फुटांवर, म्हणजे सुमारे २४४ मीटरवर उभी असलेली माणसाएवढी काळसर वस्तू ड्रायव्हरला दिसली पाहिजे. हेच ८०० फूट तिथल्या नियमात आजही आहेत. प्रखरता किमान दोन लाख कँडेला. आणि ती मिळते २०० वॉटच्या, ताटलीएवढ्या सीलबंद दिव्यातून. एवढ्या थोड्या विजेत लाखाचा आकडा निघतो, कारण सगळा उजेड अरुंद कोनात कोंबलेला असतो.

आता त्या २४४ मीटरचं काय करायचं? ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला करकचून ब्रेक लावले तरी थांबायला सहाशे-सातशे मीटर सहज लागतात. लांब मालगाडीला किलोमीटरही पुरत नाही. म्हणजे दिव्यात माणूस दिसला तरी गाडी त्याच्यावरून पुढे जाऊनच थांबणार. मोटारगाडीचा दिवा ‘पाहून थांबण्यासाठी’ असतो. पूर्ण वेगातल्या इंजिनाचा दिवा मुख्यतः ‘दिसण्यासाठी’ असतो. ड्रायव्हर चालतो तो सिग्नलवर. ही गोष्ट एकदा नीट कळली की रेल्वेने दिव्याच्या बाबतीत केलेल्या बाकीच्या गोष्टींचा उलगडा होतो.

तरीही वळणावर फिरणारा दिवा इंजिनाला का नाही, हा प्रश्न रास्त आहे. काही चांगल्या मोटारींना तो असतो. सित्रोएन कंपनीने १९६७ मध्ये आपल्या डीएस गाडीला स्टीअरिंगबरोबर वळणारे दिवे दिले होते. इंजिनासाठीही अशी पेटंटं निघाली. कोकण रेल्वेचं उदाहरण घेऊ. तिथल्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १,२५० मीटर, म्हणजे वळण तसं सौम्यच. तरी हिशेब मांडला तर सरळ जाणारा झोत ३०० मीटरवर रुळापासून ३६ मीटर बाजूला पडतो. कटिंगमध्ये ३६ मीटर बाजूला असतो तो जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा कडा. मग झोत रुळावर आणायला तो जवळजवळ सात अंश वळवायला हवा. पण इंजिनाची बोगी त्या वळणावर अंगापासून जेमतेम पाव-एक अंश वळते. तिच्या हालचालीला दिवा जोडायचा तर ती वीस-पंचवीस पटींनी वाढवावी लागेल, आणि मग रुळांच्या प्रत्येक हिसक्याबरोबर झोत पिसाटासारखा डोलेल. त्यातही बोगी वळते ती वळणात शिरल्यावर. दिवा वळायला हवा त्याच्या आधी. दुहेरी मार्गावर तर वळणाच्या आतल्या अंगाला वळलेला झोत समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतच जाईल. आणि फिरणारा भाग अडकून दिवा भलत्याच बाजूला तोंड करून राहिला तर गाडी सरळ मार्गावरही आंधळी.

यावर कॅनडातल्या डोंगराळ भागातल्या रेल्वेंनी काढलेला उपाय फार स्वस्तातला आणि हुशारीचा. मुख्य दिवा तसाच सरळ ठेवायचा. खाली, बफरच्या पातळीला, दोन बाजूंना दोन जादा दिवे लावायचे आणि त्यांची तोंडं एकमेकांना छेदतील अशी किंचित तिरकी करायची: डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. वळण कुठल्याही बाजूला असो, एका दिव्याचा झोत त्याच्या आतल्या कडेवर पडतोच. फिरणारा एकही भाग नाही. बाजूच्या चरांवर उजेड टाकणारे म्हणून त्यांना ‘डिच लाइट’ नाव पडलं. अमेरिकेने १९९७ च्या अखेरीपर्यंत फाटकांवरून वेगाने जाणाऱ्या इंजिनांना असे दोन दिवे सक्तीचे केले. कारण मात्र वेगळं दिलं. वरचा एक आणि खालचे दोन मिळून उजेडाचा त्रिकोण होतो, आणि तो जवळ येताना मोठा होत जातो, त्यामुळे फाटकावरच्या माणसाला अंतराचा अंदाज येतो.

खरोखर हलणारा दिवा रेल्वेत एकदा आला होता, तोही पाहण्यासाठी नव्हता. शिकागोकडच्या जेरी केनेली नावाच्या अग्निशामक दलातल्या माणसाला वाटलं, की डोलणारा झोत लोकांचं लक्ष पटकन वेधेल. चॉकलेटवाल्या मार्स कंपनीने पैसे घातले, नाव त्यांचं लागलं, आणि १९३६ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर चाचणी झाली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकाशात आणि रुळांवर फिरणारा मार्स लाइट पुढे कित्येक अमेरिकी रेल्वेंच्या इंजिनांवर दिसला. फिरत्या यंत्रणेची देखभाल महाग पडू लागली तेव्हा स्थिर त्रिकोणाने त्याची जागा घेतली.

आपल्याकडच्या इंजिनांवर मुख्य दिव्यात दोन बल्ब शेजारी-शेजारी असतात, म्हणजे एक गेला तरी गाडी अंधारात पडत नाही. आता त्यांच्या जागी एलईडी येत आहेत. दिव्याचा झोत नेमका किती खाली आणि कुठे पडावा हे शेडमध्ये ठरवून पक्कं केलं जातं. लोको पायलटच्या हाती उरतो तो डिमर. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार गाडी स्थानकात उभी असताना, आणि दुहेरी मार्गावर समोरून गाडी येत असताना दिवा मंद करावा किंवा मालवावा लागतो. सुएझमध्ये जे आरसा दुभंगून साधलं, ते इथे बटणाने. शिवाय छतालगत एक पिवळसर फ्लॅशर असतो. गाडी घसरली किंवा तुटली आणि शेजारचा रूळ अडला असण्याची शंका आली, की लोको पायलट सर्वांत आधी तो लावतो. समोरच्या गाडीने तो पाहिला की थांबायचंच. फिरवता येणारा खराखुरा सर्चलाइट मात्र आपल्याकडे टॉवर वॅगनवर पाहावा. रात्री ओव्हरहेड वायर तपासणारी माणसं त्याचा झोत वर तारांकडे वळवतात. गाडी तेव्हा हळू चाललेली असते, म्हणून तो तिथे शोभतो.

वेग हाच यातला कळीचा मुद्दा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेवर कटिंगमध्ये दरड आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने जे केलं त्यात जास्त प्रखर दिव्याचा वाटा नव्हता. कडे तासून उतरते केले, जाळ्या लावल्या, दरड हलली की इशारा देणारी यंत्रणा आणली, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक काढलं आणि गस्त वाढवली. आणि अतिवृष्टीत पुढचं दिसेनासं झालं, तर लोको पायलटने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असा आदेश दिला. त्या वेगात गाडी सव्वाशे-दीडशे मीटरमध्ये उभी राहू शकते. पावसातल्या झोताची पोचही साधारण तेवढीच. इंजिनाचा दिवा तेवढ्यापुरता पुन्हा पाहण्याच्या कामाला येतो.

रूळ ओलांडणाऱ्यांनी या दिव्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांचा विचार करताना असं मांडलं, की मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश येत असल्यासारखी भासते. रात्री तर वस्तूही दिसत नाही, दिसतो तो नुसता दिवा. तो थेट आपल्या रोखाने येत असेल तर डावी-उजवीकडे सरकत नाही, आणि बराच वेळ मोठाही होत नाही. शेवटच्या काही सेकंदांत एकदम वाढतो. ताशी ११० किलोमीटरची गाडी अर्धा किलोमीटर अंतर सोळा सेकंदांत कापते, आणि हातात पिशवी घेऊन, खडीतून, दोन-तीन मार्ग ओलांडायला याहून जास्त वेळ लागू शकतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी शेकडो माणसं रूळ ओलांडतानाच मरतात. तेव्हा दिवा लांब आहे असं वाटलं, तरी जिन्यावरून पुलाने जा.